प्रकरण सतरावे : शून्यांचा तक्ता

भिंतीवरच्या स्विचला चिकटवलेली चिठ्ठी : चालू आहे. बंद करू नये. इस्त्री उद्या.

*

चार मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी.

*

गाडीचं डावीकडचं दार फक्त बाहेरून उघडतं.

*

टेकडीखाली शाळा आहे आणि दोन्हींच्या मध्ये दगडी भिंत. मधल्या सुट्टीत मुलं तिला पाठ टेकून बसतात.

*

आत्याकडे दोन चष्मे आहेत. एक वाचायचा, एक माणसांचा.

*

मापं अगदी तंतोतंत जुळली की आजोबा चिडायचे.

*

शनिवारी सकाळी साडेदहाला चौघं खालच्या खोलीत जमले. या भानगडीत आपण पडणार नाही, असं आईने आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. पिशवी घेऊन बाजारात जाताना एवढंच म्हणाली की भांडायचं असेल तर खिडक्या लावून घ्या.

खालची खोली म्हणजे आजोबांनी सुरू केलेली मोजणीची कचेरी. जमिनी, इमारती, पूल, भिंती मोजायच्या आणि नकाशे करून द्यायचे. आजोबांमागे, म्हणजे मुलांच्या अप्पांमागे, ती तिन्ही मुलांकडे आली : थोरली आत्या, मधले बाबा, धाकटे काका. काका गाडी चालवतात आणि जागेवर यंत्र लावतात. बाबा गिऱ्हाइकांशी बोलतात आणि शेवटी सही करतात. आत्याने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. कचेरीत तिला वाटा होता, काम नव्हतं.

चौथी पेन्सिल. बाबांची मुलगी. लहानपणी इतकी किडकिडीत होती की हे नाव पडलं, आणि आता तेहतिसाव्या वर्षीही ते कुणी बदललं नव्हतं. बाकीचं सगळं पेन्सिल करते. म्हणजे कॉम्प्युटरवरचं सगळं.

तो कॉम्प्युटर नऊ वर्षांचा झाला होता.

तिने नव्या कॉम्प्युटरचा कागद टेबलावर ठेवला. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक कार्ड, थंड ठेवायची व्यवस्था, आणि तळाशी किंमत. काकांनी तो डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसा लांब धरला.

"यातलं पोटात घ्यायचं कुठलं आणि वरून लावायचं कुठलं?"

कुणी हसलं नाही, कारण तोवर सगळ्यांची नजर तळाशी पोचली होती. तेवढ्यात जवळजवळ नवी गाडी येते. नव्या गाडीसाठीच चार वर्षं पैसे बाजूला टाकले होते.

पेन्सिलने एका दमात सांगून टाकलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना भिंत आणि टेकडी दर तीन महिन्यांनी मोजून हवी आहे, दोन वर्षं. टेकडी सरकते आहे का, भिंत कलते आहे का, एवढाच प्रश्न. पहिली मोजणी तीन महिन्यांपूर्वी करून दिली. पुढच्या सात करणार का, याचं उत्तर सोमवारी द्यायचं आहे. हे काम या कॉम्प्युटरवर होणार नाही. तिपाईवरचं यंत्र गरगर फिरत एका जागेवरून कोट्यवधी ठिपके गोळा करतं, अशा वीस जागा, आणि ते सगळे ठिपके एकमेकांना जोडून भिंत उभी करायची. हा कॉम्प्युटर ठिपक्यांची यादी उघडतानाच मान टाकतो.

"पहिली मोजणी तर केलीस की याच्यावर," बाबा म्हणाले.

"केली."

"मग?"

"अकरा तास लागतात एका वेळेला."

"लागू देत. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय."

पेन्सिल म्हणाली, "नसेल घ्यायचा तर तेही आजच सांगा. मोठ्या कंपनीने मला बोलावलंय. त्यांच्याकडे असे चाळीस आहेत."

ती गेली तर खालच्या खोलीला कुलूप लागणार. आत्याने पिशवीतून वाचायचा चष्मा काढला.

*

काका

काकांना कॉम्प्युटरचं वावडं नव्हतं. त्यांना गाडी हवी होती, बस. बावीस वर्षं ते यंत्राची पेटी मांडीवरच्या बाळासारखी जपत खड्डे चुकवत आले होते. डावीकडच्या दाराचं लाजिरवाणं प्रकरण तर रोजचंच : जागेवर पोचलं की आधी स्वतः उतरायचं, वळसा घालून जायचं आणि शेजारी बसलेल्याला बाहेर काढायचं. लोकांना वाटायचं, काय अदब आहे या माणसाला.

त्यांनी मुद्दा मांडला आणि तो बरोबरच होता. जागेवर पोचलोच नाही तर ठिपके येणार कुठून? आणि एवढा महागाचा डबाच कशाला? त्यांच्या ओळखीतल्या एकाच्या मुलाकडे खेळ खेळायचा कॉम्प्युटर आहे. त्यात राक्षस धावतात, इमारती कोसळतात, सगळं फाडफाड चालतं, आणि किंमत याच्या अर्धी.

"राक्षस धावत असेल तर आपली भिंत तर जागच्या जागी उभी आहे."

बाबांना हे पटत चाललंय, हे काकांना दिसलं. ताईचं काय ते कळेना. ती पहिल्या मोजणीचा अहवाल मागून घेऊन चाळत होती, चित्रकलेच्या वह्या तपासाव्यात तशी, अंगठा ओला करून. ताई आपल्या बाजूची आहे, असं काकांनी गृहीत धरलं होतं. गाडीतून तिलाही रोज कुठे ना कुठे सोडावं लागतं.

*

आत्या

अहवाल छान होता. रेषा नाजूक होत्या. आजोबांच्या वेळी शाईच्या पेनाने ट्रेसिंगच्या कापडावर असं काही काढायला आठवडा जायचा आणि एक थेंब सांडला की आठवडा फुकट.

शेवटच्या पानावर तक्ता होता. तो नेहमीच शेवटच्या पानावर असतो. मोजणी दोनदा करायची, दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचा कागद न बघता. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे आणि जागोजागचा फरक तक्त्यात लिहायचा. आजोबा याला पहिला हात आणि दुसरा हात म्हणायचे. लग्न होईपर्यंत सात वर्षं आत्या दुसरा हात होती. पहिला हात आजोबांचा स्वतःचा.

तक्त्यात चाळीस जागा होत्या. चाळीस जागांपुढे चाळीस शून्यं.

आत्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला. शून्यं गेली नाहीत.

दोन माणसं एकच भिंत मोजतात तेव्हा फरक येतोच. एकाचा हात जरा ताणलेला, दुसऱ्याचा सैल. एकाला कोपरा इथे वाटतो, दुसऱ्याला तिथे. दोन-तीन मिलिमीटर, चार. फरक आला की आजोबा खूश. सगळं जुळलं की कागद बाजूला सारायचे : कुणीतरी डोकावलंय, जा, परत मोजा.

हे सांगितलं तर पोरीचा कॉम्प्युटर गेला, असं आत्याला वाटलं. नाही सांगितलं तर शाळा आहे. मधली सुट्टी आहे.

"पेन्सिल," ती म्हणाली, "एवढी शून्यं कुठून आणलीस?"

*

पहिला हात (पेन्सिल)

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सरळ सांगितलं. सगळे ठिपके याला झेपत नाहीत, म्हणून दहातला एक ठेवते, नऊ टाकते. गेली तीन वर्षं प्रत्येक कामात. दुसऱ्या वेळेला तीच विरळ केलेली यादी, त्याच जुळवणीच्या खुणा, फक्त पुन्हा चालवते. यंत्राने दोनदा केलं म्हणजे दोन हात झाले, असं मी स्वतःला समजावलं होतं. खोटं लिहिलं नाही मी. फरक शून्यच येतो, दुसरं काही येऊच शकत नाही. मला माहीत होतं. सगळं नीट करायचं तर पाच दिवस लागले असते आणि मध्येच तो बंद पडला असता. बाबांनी सहीचं पेन टेबलावर ठेवलं आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

*

दुसरा हात (बाबा)

मी तिच्याकडे बघितलं नाही, पेनकडे बघत होतो. पेन खिशातच होतं. ती पुष्कळ बोलली, मला त्यातलं एकच ऐकू आलं : तीन वर्षं. तीन वर्षं मी शून्यं बघून सह्या केल्या आणि वर लोकांना सांगत सुटलो की आमच्या मुलीच्या कामात केसभर फरक निघत नाही. माझ्या वडिलांच्या कचेरीत बसून. चूक कळायला ताईला पाच मिनिटं लागली. मी ताबडतोब बोललो, बहुतेक मोठ्याने.

*

ते मोठ्यानेच बोलले. काकांनी उठून खिडक्या लावल्या.

बाबा म्हणाले की आता यापुढे एक छदाम नाही. ज्या हाताने नऊ टाकून एक ठेवला त्याच हातात आणखी महाग खेळणं द्यायचं? आधी शाळेत जाऊन अहवाल परत घ्यायचा, मग हवं तर मोठ्या कंपनीत जायचं. पेन्सिल टेबलाच्या कडेला नखाने कोरत राहिली. काकांना खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पोरीचा चेहरा बघून त्यांना वाटेना.

"तू आठवीत होतास," आत्या बाबांना म्हणाली.

"आता ते काढू नकोस."

"नाल्याची मोजणी. त्या दिवशी अप्पांच्या जागी तू होतास. उन्हात उभं राहायला नको म्हणून तू माझा कागद उतरवून घेतलास. एकोणीस जागा, एकोणीस शून्यं."

"ताई, मी पोरगा होतो."

"अप्पांनी तुला हाकलून नाही दिलं. परत नाल्यावर पाठवलं. आणि मला तुझ्याबरोबर पाठवलं, माझी काही चूक नसताना. तो राग माझा अजून गेलेला नाही."

काका ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी भावाकडे इतक्या आनंदाने बघितलं की बाबांना खुर्ची वळवून बसावं लागलं.

आत्याने विचारलं की मूळ ठिपके आहेत का टाकून दिले? पेन्सिल म्हणाली, सगळे आहेत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एकही पुसलेला नाही. मग भिंत पुन्हा मोजायला जायलाच नको, आत्या म्हणाली. तीन महिन्यांपूर्वीची भिंत डब्यात बंद आहे. उघडणारं यंत्र पाहिजे आणि दोन माणसं पाहिजेत.

"दुसरं माणूस कुठून आणणार?" बाबा म्हणाले.

आत्याने चष्मा मिटून मांडीवर ठेवला आणि मग तिघांना उशिरा समजलं.

"तुला कॉम्प्युटर येतो?" काकांनी विचारलं.

"कोपरा कुठला ते कळतं मला. बटण ती दाखवेल."

*

जोडणीवाल्याच्या दुकानात सुटे भाग मागवून गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे कॉम्प्युटर जोडून मिळतात. माणूस दरवाजाएवढा, बोटं मात्र घड्याळजीची. पेन्सिल त्याच्याकडे आठ दिवसांपूर्वी येऊन गेली होती. तेव्हाच तो म्हणाला होता की तुमचं काम घेऊन या, माझ्या नमुन्याच्या यंत्रावर चालवा, मग ठरवा. बाबांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं : आपण फक्त भिंत तपासायला जातोय, खरेदीला नाही. यावर काका उतरले, वळसा घालून गेले आणि त्यांनी बाबांना दार उघडून दिलं.

राक्षसाचा प्रश्न काकांनी तिथेही विचारला. जोडणीवाला रागावला नाही. खेळात एखादा ठिपका चुकला तर राक्षसाचं नाक क्षणभर वाकडं दिसतं, तो म्हणाला, कुणाचं काही बिघडत नाही. तुमचं यंत्र तासन्‌तास आकडे धरून ठेवणार. साध्या मेमरीत एखादा आकडा मध्येच पालटला तर ती सांगत नाही. ही महागडी मेमरी पालटलेला आकडा पकडते आणि दुरुस्त करते. अर्ध्या किमतीतलं हवं असेल तर मी आनंदाने देईन, माझा फायदा तेवढाच आहे.

काका हातातल्या मेमरीच्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. मोजणीच्या टेपवर पाय पडला की ते स्वतः पुन्हा मोजतात, कुणी बघितलेलं नसलं तरी. त्यांनी पट्टी हलकेच परत ठेवली.

आधी पेन्सिल बसली. वीस जागांचे सगळे ठिपके तिने उघडले आणि नकळत अंग आवळून घेतलं, जसं रोज घ्यायची. काहीच झालं नाही. पडद्यावर भिंत उभी राहिली. दगडांच्या सांध्यातलं गवतसुद्धा दिसत होतं. तीन वर्षांत तिने स्वतःचं काम असं कधी बघितलं नव्हतं. एका जागेचा ठिपका दुसऱ्या जागेच्या ठिपक्याशी जुळवण्यासाठी दगडांचे कोपरे निवडायचे असतात. तिने साठ निवडले, जोडणी चालू केली. अडतीस मिनिटं लागली.

मग तिने ते सगळं झाकलं, आत्याला बटणं दाखवली आणि ती बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली. असाच नियम होता. बाबा दारात आडवे उभे राहिले, तिने आत बघू नये म्हणून. काका दुकानात थांबले, आत्याने बाहेर खुणा करू नयेत म्हणून. जोडणीवाल्याने विचारलं की तुमचं हे नेहमीचंच आहे का. काका म्हणाले, मध्यंतरी तीन वर्षांचा खंड पडला होता.

आत्याला माउस पहिली पाच मिनिटं सापडेना. म्हणजे हातात होता, पण पडद्यावर कुठे आहे ते सापडेना. मग सापडला. ती पुढे वाकली, भिंत जवळ ओढली, दूर केली, पुन्हा जवळ ओढली. पेन्सिलने निवडलेला एकही कोपरा तिला माहीत नव्हता. तिने पायरीशेजारचा दगड घेतला, पावसाच्या नळाखालचा घेतला, वरच्या कडेचा फुटका घेतला. एका दगडापाशी ती खूप वेळ थांबली.

"दमलीस का, ताई?" काका म्हणाले.

"गप्प बैस. हा कोपरा नाहीये, सावली आहे."

काकांनी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते बोलणं ओळखीचं मात्र होतं. हुबेहूब अप्पा.

*

दोन्ही मोजण्या जोडणीवाल्याने छापून दिल्या. पडद्यावर एकावर एक ठेवता येतात, हे पेन्सिल सांगत होती, पण आत्या कागद घेऊन काचेच्या दाराशी गेली होती. आतून तिने कागद दाराला लावले, बाहेरून ऊन येत होतं. एक गिऱ्हाईक दाराशी येऊन थांबलं, दारावरची भिंत बघून दुसऱ्या दुकानात गेलं. जोडणीवाल्याने हात जोडले.

फरक बाबांनी स्वतः मोठ्याने वाचले. पेन्सिल लिहीत गेली.

दोन. तीन. एक. चार. दोन. दोन. चार. तीन.

परवानगी सहा मिलिमीटरपर्यंतच्या फरकाची असते. चाळीस जागांमध्ये एकही शून्य नव्हतं आणि चारच्या वर काही नव्हतं. बाबांचा आवाज वाचता वाचता सैल होत गेला. शेवटचे दहा त्यांनी जवळपास गुणगुणत वाचले.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही कागदांचं एकमत होतं. पायऱ्यांच्या डावीकडे भिंतीला पोट आलं होतं. ताटाएवढ्या जागेत, मध्यभागी एकवीस मिलिमीटर. जुन्या अहवालात तिथे भिंत सपाट होती. दहातले नऊ ठिपके टाकताना पोटही गेलं होतं.

पेन्सिलने कागद खाली ठेवला. तिथे मुलं बसतात, एवढंच ती म्हणाली.

बाबांनी फोन काढला. ती फोन घ्यायला पुढे झाली तर त्यांनी मान हलवली : सही माझी आहे. दुकानातल्या खोक्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं की आमचा आधीचा अहवाल चुकीचा आहे. कारण सांगितलं, लपवलं नाही. भिंत आज पडेल असं आमचं म्हणणं नाही, पण पायऱ्यांच्या डावीकडे दोरी बांधा आणि सोमवारपासून मुलांना तिथे बसू देऊ नका. पोट वाढतंय का ते पुढच्या मोजणीत कळेल.

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. बाबा मध्ये मध्ये "हो" म्हणत होते, आणि एकदा "तुमचं बरोबर आहे". फोन ठेवून ते म्हणाले की बाई चिडल्या आहेत. मग म्हणाल्या की सोमवारी सकाळी नऊला या, सगळं लेखी घेऊन या, आणि ज्यांनी चूक काढली त्यांना घेऊन या.

"काम देणार का?" काकांनी विचारलं.

"ते नाही बोलल्या."

म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं. तरी काका त्या काळ्या पेटीला प्रदक्षिणा घालून आले आणि त्यांनी विचारलं की ही गाडीत कशी ठेवायची, उभी की आडवी.

"तुझी गाडी?" बाबा म्हणाले.

"चालतेय की. दार उघडायला मी उतरतोच आहे, उतरत जाईन."

बाबांनी पेन्सिलकडे बघितलं. या वेळेला खरंच बघितलं. मोठ्या कंपनीला काय सांगणार आहेस, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मला आज सगळे ठिपके दिसले, बाबा. बाबांनी जोडणीवाल्याला सांगितलं की हाच द्या, महागड्या मेमरीचा, आणि बिलावर कचेरीचं नाव घाला. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं की याला दोन खुर्च्या पुरतील एवढं रुंद टेबल लागेल, तुमच्याकडे असतं का.

"टेबल नाही ठेवत मी," जोडणीवाला म्हणाला.

पेटी मागच्या सीटवर उभी बसली, पट्टा बांधून. एका बाजूला पेन्सिल, दुसऱ्या बाजूला आत्या, दोघींचा एकेक हात पेटीवर. काका ताशी वीसच्या वेगाने निघाले. मागून हॉर्न वाजत होते, त्यांनी एकालाही वाट दिली नाही. आत्याने पिशवीतून एक जुनी वही काढली आणि पाठीमागच्या कोऱ्या पानावर तारीख घातली. मग पेन्सिलला विचारलं की सोमवारी शाळेतून आल्यावर लगेच बसायचं की जेवून.

आत्याचं लग्न झालं त्या वर्षी आजोबांनी एकही मोठं काम घेतलं नव्हतं.